पाखरीची माती

रंगपंचमीच्या आदल्या दिवशी गाढव मागायला यायचं, ही खालच्या वाडीची रीत. सायखेड्याहून नदीच्या कडेकडेनं खाली आलं की वाडीच्या वीटभट्ट्या लागतात. त्यांतली शेवटची सहादू कुंभाराची. गावचा एखादा जावई धरायचा, गळ्यात कांद्यांची माळ घालून गाढवावर बसवायचा, रंग फासून वाजतगाजत फिरवायचा आणि मारुतीच्या पारावर उतरवून नवा पोशाख करायचा. हसायचं ते जावयाला. गाढवाचा मान वेगळा. सहादूच्या आज्याच्या वेळेपासून गाढव याच घरचं जायचं आणि भाडं कधी घेतलं नव्हतं. एक नारळ, एक पंचा आणि गाढवाला पाटीभर भिजवलेले हरभरे, बस.

यंदा मागायला वाल्मीक स्वतः आला. वीस एकर द्राक्षबाग, गावच्या सप्त्याचा अध्यक्ष, आणि यंदाचा जावईही त्याचाच, घोटीचा आयुष. सहादूची बायको सुलाबाई चिखलात उभी राहून विटांची माती तुडवत होती. तिनं पाय न थांबवता सांगितलं की रविवारच्या आत भट्टी भरायची आहे, थोरली गाढवी पाखरी गेली तर विटा वाहायच्या कोणी, लहान गाढव न्या, ते अजून ओझ्याला लागलेलं नाही. वाल्मीक म्हणाला, लहान गाढव जावयाला पाडील. पाखरी कशी गरीब आहे, पोरांनी कान ओढले तरी हलत नाही.

ते खरंच होतं. अकरा वर्षं पाखरी ओल्या विटांच्या ओळींमधून चालली होती आणि एका विटेवर कधी तिचा खूर उमटला नव्हता.

सुलाबाईचं बोलणं पुरं व्हायच्या आत सहादूनं नारळ हातात घेतला. तो भजनी मंडळाचा टाळकरी. वाल्मीकनं घातलेल्या मंडपात, वाल्मीकनं अंथरलेल्या सतरंजीवर तीस वर्षं उभा राहिलेला माणूस. त्याच्या तोंडून नाही निघत नसे.

"चार घटकेचं काम," तो बायकोला म्हणाला. "जाईल आन् येईल."

दुसऱ्या दिवशी सुलाबाई गावात गेलीच नाही. ती आणि सून अंजली डोक्यावर पाट्या घेऊन विटा वाहत होत्या. ऊन असं की पाटीखालची चुंबळसुद्धा तापली होती. गावातून ताशा ऐकू येत होता. मग ताशा एकदम थांबला. तडतड असा लांबलचक आवाज झाला. त्यावर माणसांचं हसणं, एवढं मोठं की नदीपलीकडच्या टिटव्या उठल्या. आणि मग खुरांचा आवाज.

पाखरी रानात पळाली नाही, नदीत शिरली नाही. ती घरी आली. ओल्या विटा तुडवत सरळ आपल्या खुंट्यापाशी आली आणि रोज सांजेला उभी राहायची तशी उभी राहिली. शेपटीच्या जागी बोटभर काळं काहीतरी लोंबत होतं आणि त्यातून धूर येत होता. मागच्या दोन्ही मांड्यांचं कातडं उललं होतं. अंगभर गुलाबी रंग, गळ्यात कांद्यांची माळ. ती ओरडत नव्हती. नुसती कातडी थरथरवत होती, माशी बसल्यावर थरथरवावी तशी.

सुलाबाईनं घागर तिच्यावर उपडी केली. पाण्याबरोबर लडीचा तुकडा खाली पडला. दोन फटाके न फुटलेले. तिनं ते उचलून पदराच्या गाठीत बांधले. कशाला बांधले ते तिलाही सांगता आलं नसतं.

सहादू धापा टाकत आला, त्याच्यामागून मुलगा नवनाथ. जावई पडला होता, कोपर सोललं होतं, त्याला लगेच गाडीत घालून नाशिकला नेलं होतं. नवनाथनं फोन पुढं केला. गावातल्या प्रत्येकाच्या फोनवर ते एव्हाना पोचलं होतं. पाराजवळ पाखरी उभी, पाठीवर जावई, कोणी शेपटीला लड बांधतोय, आणि वाल्मीक वाकून उदबत्तीनं वात पेटवतोय. मारुतीपुढची उदबत्ती. वात पेटल्यावर तो मागं सरतो आणि हसून म्हणतो, आता बघू जावईबापूंची मांड.

सुलाबाईनं ते एकदाच पाहिलं. मग कधीच पाहिलं नाही.

सरकारी दवाखान्याचे जनावरांचे डॉक्टर रियाज शेख दिवस मावळायला मोटरसायकलवरून आले. त्यांनी जखमा धुतल्या, मलम भरलं, इंजेक्शनं दिली. हात धुताना म्हणाले, "मावशी, बैल असता ना, तर आत्ता अर्धं गाव इथं उभं असतं."

भट्टीला थांबता येत नव्हतं. ओल्या विटा वेळेवर हलवल्या नाहीत तर तडकतात. पुढचे दोन दिवस सुलाबाई, अंजली आणि नवनाथ डोक्यावरून वाहत राहिले. एक खेप झाली की सुलाबाई पाखरीजवळ जाऊन माश्या हाकलायची, मग दुसरी खेप. पाखरी प्रत्येक खेपेला मान वळवून विटांच्या ओळीकडं बघायची. तिचं काम दुसरं कोणी करतंय हे तिला समजत होतं की नाही कुणास ठाऊक, पण बघायची.

डॉक्टर दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन गेले. तिसऱ्या दिवशी त्यांना लसीकरणासाठी वणीकडं जायचं होतं. काहीही झालं तरी आधी मला फोन करा, असं त्यांनी नवनाथला दोनदा सांगितलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी पाखरी खाली बसली आणि मग आडवी झाली. सुलाबाईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि तांब्यानं तोंडात पाणी सोडलं. अर्धं पोटात गेलं, अर्धं बाहेर आलं. सप्त्यात दर साली एकदा तरी ते आख्यान व्हायचंच: काशीहून खांद्यावर कावड घेऊन निघालेला संत, वाळवंटात तडफडणारं गाढव, आणि देवाच्या अभिषेकाचं पाणी त्या गाढवाच्या तोंडात. सोबतचे म्हणतात, अरे, एवढी वाट तुडवली ती वाया गेली. संत म्हणतो, देव इथंच येऊन प्याला. सुलाबाईनं ते चाळीस वेळा ऐकलं असेल आणि चाळीस वेळा डोळे पुसले असतील. आज तिच्या डोळ्याला पाणी नव्हतं. तांब्यातलं सरलं आणि पाखरीही सरली.

मेलेलं गाढव ओढ्यात टाकायचं, अशी गावाची रीत. सहादूनं कुदळ उचलली.

"हिला वढ्यात टाकायची नाय," तो म्हणाला.

भट्टीच्या मागं लिंबाखाली बापलेकांनी खड्डा घेतला. घरच्या बैलाला देतात तशी माती द्यायची ठरलं. अंजली दुकानातून दोन गोण्या मीठ घेऊन आली. सुलाबाईनं कपाळाला हळद लावली आणि मानाचा मिळालेला तो नवा पंचा पाखरीच्या अंगावर पांघरला. सहादूनं टाळ आणले आणि खड्ड्याच्या काठाशी उभं राहून हलक्या आवाजात भजन म्हटलं. वाटेनं मोटरसायकलवर चाललेली दोन पोरं थांबली.

"सहादूनाना, दहावा कधी?" एकानं विचारलं. "पानं किती वाढायची ते सांगा, आचाऱ्याला सांगून ठेवतो."

सहादूनं टाळ थांबवले नाहीत. दिवस बुडायच्या आत माती लोटून झाली. डॉक्टरला फोन करायचं कोणाच्या मनातही आलं नाही. मेल्या जिवाला उघड्यावर ठेवून फोन कसले करायचे.

सकाळी सुलाबाई नवनाथला घेऊन पोलीस चौकीत गेली. हवालदार ओळखीचा नव्हता, पण त्याला सगळं ठाऊक होतं. नवनाथनं फोन काढताच तो म्हणाला, आलंय माझ्याकडं पण. म्हणताना त्याच्या ओठाचा कोपरा हलला आणि त्यानं तो आवरला. सुलाबाईनं पदराची गाठ सोडून दोन्ही फटाके टेबलावर ठेवले.

हवालदार वाईट माणूस नव्हता. त्यानं पुस्तक काढलं, बोट फिरवत वाचलं. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याचा कायदा आहे, साठ सालचा. पहिल्या गुन्ह्याला दहा रुपयांपासून पन्नास रुपयांपर्यंत दंड.

"रोजचे पन्नास?" सुलाबाईनं विचारलं.

"एकदाच, मावशी."

"आन् तिची शेपटी जळाली त्याचे निराळे?"

"सगळ्याचे मिळून."

सुलाबाई टेबलाकडं बघत राहिली. ते दोन फटाके ज्या लडीतले, ती बाजारात साडेतीनशेला मिळत होती. सप्त्यात महाराजांच्या गळ्यात वाल्मीक जो हार घालायचा तो पाचशेचा. तिच्या कानामागं काहीतरी गरम झालं आणि ते खाली मानेपर्यंत उतरलं. तिला वाटलं, ही पन्नासची गोष्ट वाल्मीकला आधीच माहीत असेल. नसली तरी फरक पडत नाही. माहीत नसतानाही माणूस एवढा निवांत उदबत्ती धरतो म्हणजे कुठंतरी त्याला ठाऊकच असतं.

बाहेर येऊन नवनाथनं डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, दुसरं कलम आहे. जनावर जाणूनबुजून मारलं, अधू केलं, त्याचं. पाच वर्षांपर्यंत कैद होते. पण पोस्टमॉर्टेम लागेल.

"तिला तसंच ठेवलंय ना?" त्यांनी विचारलं.

नवनाथनं आईकडं बघितलं आणि माती दिल्याचं सांगितलं.

उकरावं लागणार होतं. सहादू ऐकूनच उभा राहिला.

"माती दिलेलं उकरत्यात ते कोल्हे," तो म्हणाला. "म्या भजन म्हनलंय तिच्यावर."

सुलाबाई म्हणाली की तुमच्या भजनाला काही होत नाही, ते जाऊन पोचलं असेल. वाल्मीक अजून इथंच आहे. पन्नास रुपयांत सुटू द्यायचा का त्याला? सहादू म्हणाला, देव बघून घेईल. ती म्हणाली, देवानं बघितलंय, पारावरच होता तो, त्याचीच उदबत्ती होती. त्यावर सहादू उठून नदीकडं गेला.

संध्याकाळी मंडळाचे म्हातारे मृदंगी कोंडाजी आले. त्यांना वाल्मीकनं पाठवलं होतं. चहा घेऊन झाल्यावर त्यांनी निरोप सांगितला: झालं ते वाईट झालं, भाऊंच्याही जिवाला लागलंय, मढीच्या गाढवांच्या बाजारातून नवं गाढव आणून देतात, चांगलं तरणं, तुम्ही चौकीचं तेवढं मागं घ्या. सहादूनं मान खाली घातली, पण नाही म्हणाला नाही. सुलाबाई चुलीपासून उठलीसुद्धा नाही.

"कोंडाजीबाबा, त्यांना इचारा," ती म्हणाली, "उद्या लड बांधून मपला नवरा मेला, तर नवा धाडतील का मढीहून? तरणा बघून?"

कोंडाजी हसायला गेले आणि तिच्या तोंडाकडं बघून थांबले.

चौकीचं पत्र डॉक्टरांकडं येऊन, ते मोकळे होऊन, सहावा दिवस उजाडला. सहादू पहाटेच नदीला जाऊन पाठ फिरवून बसला होता. नवनाथनं कुदळ घेतली, पण त्याचे हात चालेनात. सुलाबाईनं ती त्याच्याकडून घेतली. तीन हात खाली गेल्यावर वास आला. गावातली दहा-बारा माणसं लांब उभी राहून बघत होती, आता नाकाला उपरणी लावून आणखी लांब सरकली. एकजण फोन उंच धरून उभा होता.

पंचा कातड्याला चिकटला होता. डॉक्टर म्हणाले, मावशी, तुम्ही बाजूला व्हा. ती झाली नाही. तिनं बोटांनी कडा सुटी करत करत तो सोडवला, जखमेला चिकटलेली पट्टी सोडवतात तसा. मग डॉक्टर आत उतरले. बराच वेळ त्यांची फक्त पाठ दिसत होती, घामानं शर्ट काळा झालेला. वर आले तेव्हा त्यांनी विचारलं, मीठ किती टाकलं होतं. दोन गोण्या, अंजली म्हणाली. चांगलं जाडं.

डॉक्टर लिंबाच्या मुळीवर बसले.

"मावशी, मी खोटं लिहिणार नाही. भाजल्याच्या खुणा लिहितो. मी स्वतः उपचार केले, तेही लिहितो. पण एवढे दिवस गेले, त्यात मीठ, आतलं तपासण्याजोगं काही राहिलं नाही. त्यामुळंच मेली, असं छातीठोक लिहिता येत नाही."

"तुमाला माहीत हाय ना, कशानं मेली ते?"

"माहीत आहे."

"मंग?"

"माहीत असणं वेगळं आणि लिहिता येणं वेगळं."

सुलाबाईला त्या क्षणी त्यांचाही राग आला. आपला आला, सहादूच्या टाळांचा आला, मिठाचा आला. मान द्यायला गेलो आणि आपल्याच हातानं पुरावा खारवून टाकला. त्या दिवशी तिनं डॉक्टरांना चहा विचारला नाही. पण कोपरापर्यंत हात धुवायला पाणी तिनंच घातलं, चार तांबे, आणि साबण संपेपर्यंत थांबली. मग सून आणि ती, दोघींनी पुन्हा माती लोटली. या वेळी अंगावर घालायला काही नव्हतं.

चौकीनं मोठं कलम लावलं नाही. डॉक्टर ठाम सांगत नाहीत, मारायचा हेतू नव्हता, सणाची गंमत होती, असं नवनाथला सांगण्यात आलं. तालुक्याच्या कोर्टात वाल्मीकनं गुन्हा कबूल केला. दंड पन्नास रुपये. त्यानं शंभराची नोट दिली आणि उरलेले पन्नास मोजून घेतले. बाहेर रसवंतीवर सोबत आलेल्या सहा जणांना त्यानं रस पाजला. त्याचे जास्त झाले. पावती त्यानं खिशात ठेवली होती. गावात कोणी भेटलं की काढून दाखवायचा आणि म्हणायचा, आमचं लायसन.

सुलाबाईच्या घरात बोलणं थांबलं होतं. उकरल्यापासून सहादू तिच्याशी थेट बोलत नसे. काही हवं असलं की सुनेला सांगे. भट्टी पेटली होती, चार दिवस चार रात्री पाळीनं तिच्याजवळ बसावं लागे, आणि दोघं पाळी बदलताना एकमेकांच्या हातात फावडं देत, ते खाली बघून.

मग सप्ता बसला. सहादू रोज गेला. सुलाबाई सहा दिवस गेली नाही. काल्याच्या कीर्तनाला मात्र गेली. चाळीस वर्षांत तिनं काला चुकवला नव्हता आणि देवाशी तिचं भांडण नव्हतं. बायकांच्या बाजूला, मंडपाच्या कडेला बसली.

महाराज बाहेरगावचे होते, तरुण, गळा असा गोड की पहिल्या आलापालाच कोंडाजींच्या मृदंगावर हात हलका पडला. वाल्मीकनं हार घातला, पाया पडला आणि पुढं गादीजवळ बसला. महाराजांना गावातलं काही ठाऊक नव्हतं. दयेचा विषय निघाला आणि ते रंगून त्या कावडीच्या आख्यानात शिरले. वाळवंट आलं. ऊन आलं. तडफडणाऱ्या गाढवाचा कोरडा पडलेला जबडा महाराजांनी असा उभा केला की बायकांनी पदर डोळ्याला लावले. टाळकऱ्यांची रांग पुढं मागं डुलत होती. कीर्तनाची ही जागा सुलाबाईची जिवाभावाची. आजही ती ऐकता ऐकता पुढं सरकली आणि त्याच वेळी तिला दिसलं, वाल्मीक रुमालानं डोळे पुसतोय. खोटं नव्हे, खरंच पुसतोय. त्याचे खांदे हलत होते.

तेवढ्यात एक टाळ थांबला.

बारा टाळांतला एक थांबला की ऐकणाऱ्याला कळत नाही, पण उभ्या असलेल्यांना कळतं. रांगेची डूल चुकली. महाराजांनी गाता गाता बघितलं. सहादूनं टाळांची दोरी गळ्यातून काढली, टाळ वीणेकऱ्याच्या पायाशी ठेवले, महाराजांना वाकून नमस्कार केला. मग रांग सोडून, भर मंडपातून, गादीजवळ बसलेल्या वाल्मीकच्या समोरून चालत बायकांच्या बाजूला आला.

"चल," तो सुलाबाईला म्हणाला.

मागं कीर्तन चालू राहिलं. दोघं वेशीपर्यंत आली. मग सहादू म्हणाला, आख्यानात चूक नाही, महाराजांचीही नाही. पण त्याच्या रडण्याला मपला टाळ लागला, तो आता लागायचा नाही. थोडं पुढं गेल्यावर त्यानं विचारलं, तो नवनाथ काय म्हणत होता, ग्रामसभेत कोणालाही ठराव मांडता येतो म्हणे?

एक मेची ग्रामसभा शाळेच्या पडवीत भरली. पाण्याची पाइपलाइन, घरकुलाची यादी, सगळं होईपर्यंत अकरा वाजले आणि माणसं उठायला लागली. तेव्हा सुलाबाई उभी राहिली. अंजलीनं वहीच्या कागदावर स्वच्छ अक्षरात लिहून दिलं होतं. तिला वाचता येत नव्हतं, पण कागद हातात धरला होता. ग्रामसेवकांनी तो घेऊन मोठ्यानं वाचला. मुक्या जनावराला जाळणाऱ्या, तोडणाऱ्या, मारणाऱ्या माणसाला साठ सालचा पन्नास रुपये दंड पुरत नाही. दंड त्याला झोंबेल एवढा करावा आणि कैद ठेवावी. सण होता, गंमत होती, म्हणून सोडू नये. जनावर गाढव आहे म्हणून कमी धरू नये. असा ठराव ही ग्रामसभा करत असून तो वर पाठवावा.

ग्रामसेवकांनी चष्मा काढला. कायदा दिल्लीत होतो, ते समजुतीनं म्हणाले. पंचायतीच्या हातात काही नाही.

"तुमी करा असं म्हनत नाय," सुलाबाई म्हणाली. "मागा म्हनते. पाइप मागता ना वर? तसा हा मागा."

मागच्या खुर्च्यांतून वाल्मीक उठला. सावकाश चालत टेबलापाशी आला. खिशातून पन्नासची नोट काढून त्यानं ती टेबलावर ठेवली आणि तळहातानं सरळ केली.

"भाऊसाहेब, हे पुढच्या रंगपंचमीचे आगाऊ," तो म्हणाला. "कायदा बदलायच्या आत एकदा वापरून घेऊ."

पडवी हसली. सगळी नाही, पण बरीच. पाराजवळ हसली होती तशीच. ग्रामसेवकही खाली बघून हसले. सुलाबाईनं सगळ्यांचं हसून होऊ दिलं. मग टेबलापाशी येऊन तिनं दोन्ही हात त्यावर टेकवले.

"हे बी लिहा," ती ग्रामसेवकांना म्हणाली.

"काय?"

"आत्ता झालं ते. वाल्मीक भाऊंनी भर सभेत पन्नास रुपये ठेवले. पुढच्या साली पुन्हा जाळीन म्हनले. आन् सभा हसली. ठरावातच लिहा. आमच्या बोलन्यावर वरचे इस्वास ठेवनार नाय. त्यांना कळू द्या पन्नास रुपयांत काय काय येतं."

वाल्मीक म्हणाला, अहो, गंमत केली. म्हणताना त्यानं नोट उचलायला हात पुढं केला. सुलाबाईचा चिखलानं भेगाळलेला पंजा आधीच नोटेवर पडला होता.

"राहू द्या," ती म्हणाली. "कागदाला जोडायची हाय."

वाल्मीकला ती ओढून घेता आली असती. पण सगळं गाव बघत होतं आणि दोन पोरांनी फोन उंच धरले होते, पाराजवळ धरले होते तसेच. त्यानं हात मागं घेतला.

ग्रामसेवकांनी पेन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. ठरावाला अनुमोदक लागतो, ते म्हणाले. कोण आहे? पंखा फिरत होता. कोंडाजींनी मान वर केली आणि खाली घातली. कुठंतरी एक खुर्ची करकरली आणि तिच्यावरचा माणूस पुन्हा नीट बसला.

"सहादू लक्ष्मण," दाराशी उकिडवा बसलेला सहादू म्हणाला. मग उठून उभा राहिला. "लिहा. म्या तिला माती दिली व्हती. मपली चूक झाली, लवकर दिली. तेबी लिहा."

हात वर करायला सांगितलं तेव्हा पहिल्यांदा चार हात होते. मग बायकांच्या बाजूनं शेजारच्या वत्सलाबाईंचा, मग आणखी दोघींचा, आणि सगळ्यांत शेवटी, कोणाकडं न बघता, कोंडाजींचा मृदंगानं बोटं वाकडी झालेला हात. विरोधात किती, असं विचारल्यावर कोणाचाच हात वर गेला नाही. विरोधात हात वर करायला वाल्मीकच्या माणसांनाही लाज वाटली, किंवा कंटाळा आला.

ग्रामसेवकांनी सगळं लिहून काढलं, हसण्यासकट. सुलाबाईनं ते दोनदा वाचायला लावलं. मग त्यांनी स्टेपलर शोधला, त्यात पिना नव्हत्या. टेबलाच्या खणातही नव्हत्या. ते म्हणाले, नंतर जोडतो.

"नंतर नको," सुलाबाई म्हणाली.

तिनं बांगडीत अडकवलेली पिन काढली, नोट ठरावाच्या वरच्या कोपऱ्याला लावली आणि दोन्ही कागदांतून आरपार टोचून पिन मिटवली.